तेराव्या चॅनेलवरचं नेट आणि गच्चीवरची काठी

पुणे, कोजागिरीच्या आदल्या दिवशी

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुम्ही "आभार कसले, एक आकडा तर बदलला" असं म्हणत चपला घालून निघून गेलात. पैशांचं विचारलं तर हात हलवलात. अळूवड्यांचा डबा तेवढा घेतलात, तोही काकूंच्या नावावर. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. खासगीत लिहिलं असतं तर तुम्ही घडी घालून लॉगबुकात ठेवलं असतंत आणि विषय संपला असता. शिवाय मला एक कबुलीही द्यायची आहे. ती चारचौघांत दिलेली बरी, कारण मुळात ती आगळीकही चारचौघांतच केली होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी घरी बसून डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं, काम करते. दिवाळी अंक, स्मरणिका, पत्रिका, मधूनच एखाद्या निवृत्त गुरुजींचं आत्मचरित्र. हे सगळं ज्या लॅपटॉपवर चालतं तो माझ्या भावाने २०११ साली न्यू जर्सीतल्या एडिसनहून आणला. त्याच्या 'अ' आणि 'क'च्या कळा झिजून गुळगुळीत झाल्यात. त्यात विंडोज ७ आहे, पानं लावायचं पेजमेकर ७ आहे, मराठी टंकांची श्रीलिपी आहे आणि ज्याच्याशिवाय ती चालत नाही ते श्रीलिपीचं लॉक कायमचं एका यूएसबीत खोचलेलं आहे. "नवा घे ना" असं म्हणणाऱ्यांना मी एकदा माझी जुनी फाईल नव्या मशीनवर उघडून दाखवते. ज्ञानेश्वरांच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. युनिकोडमध्ये रूपांतर होतं, नाही असं नाही. पण दोनशे पानांत रफार कुठे उडाला आणि ऱ्हस्व वेलांटी कुणाच्या डोक्यावर जाऊन बसली हे शोधण्यात आणखी एक प्रूफ जातं. ऐन दिवाळी अंकांच्या दिवसांत तेवढा वेळ कुणाकडे असतो?

जुलैत एका रात्री वीज कडाडली आणि आमचा जुना राउटर गेला. दोन दिवसांनी नवा बसला. फोन लागले, टीव्ही लागला, लेकीचा लॅपटॉप लागला. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपने मात्र नेटवर्कची यादी उघडून दाखवली तर त्यात शेजाऱ्यांची नऊ नावं, आमचंच नाही. स्वतःच्या घरात उभं राहून शेजारपाजारचे आवाज ऐकू यावेत आणि घरच्यांचा येऊ नये, तशातला प्रकार.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. राउटर बसवणारा म्हणाला, "मोबाईलला येतंय ना ताई? मग राउटर ओके. लॅपटॉप जुना झालाय." लॅपटॉप घेऊन दुकानात गेले, तर तिथल्या वायफायला तो लगेच लागला. दुकानदार म्हणाला, "इथे चालतोय, म्हणजे राउटर खराब." दुसऱ्या दुकानात उघडून पाहण्याआधीच "मदरबोर्ड" हा शब्द उच्चारला गेला आणि त्यापुढे साडेतीन हजारांचा आकडा. मी घरी येऊन जमेल तेवढं केलं. वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तीनदा काढून तीनदा टाकला. कडेची वायफायची सरकपट्टी मागेपुढे केली. बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, हेही कुणीतरी सांगितलं होतं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यासाठी निदान ड्रायव्हर लागत नाही.

आणि खरा छळ पुढेच होता. मधूनच नेट यायचं! आठवडा-दोन आठवडे अगदी गुणी बाळासारखं चालायचं आणि पुन्हा नाव गायब. पूर्ण बिघडलेल्या वस्तूचा माणूस नाद तरी सोडतो.

तो लॅपटॉप छातीशी धरून तिसऱ्या दुकानाकडे निघाले असताना तुम्ही लिफ्टमध्ये भेटलात. तुम्ही दूरसंचार खात्यातून निवृत्त झालात आणि घरी बसून वायरलेसवर जगभर बोलता, एवढंच मला माहीत होतं. तुमचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो. काय झालं, असं तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही विचारलंत, "बाकीच्यांची नावं दिसतात?"

"हो. नऊ."

"मग कान शाबूत आहेत त्याचे. खाली नको जाऊस, वर चल."

तीन माणसांनी तीन निदानं केली होती, पण ही नऊ नावं कुणी हिशोबात धरली नव्हती. मीही नाही. कार्ड गेलेलं असतं तर एकही नाव दिसलं नसतं, हे इतकं उघड आहे की आता लिहितानाही लाज वाटते.

घरी आल्यावर तुमचा दुसरा प्रश्न: नेट कधी येतं, कधी जातं, काही टिपून ठेवलंय का? आणि योगायोगाने टिपलेलं होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूध, गॅस, बाईचे खाडे यांच्या शेजारी मी जुलैपासून "नेट गेलं", "नेट आलं" असं लिहीत होते. कारण तांत्रिक नव्हतं. संपादकांना उशिराचं कारण तारखेनिशी सांगता यावं म्हणून. तुम्ही कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलंत, चष्मा कपाळावर नेलात आणि चहा गार होईपर्यंत जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर पाहत बसलात. मग म्हणालात, "गुरुवारी काय असतं गं तुमच्याकडे?"

"दत्ताचा वार," सासूबाई आतून म्हणाल्या.

तुम्ही हसला नाहीत, हे विशेष. मी मात्र एकदम जागी झाले. गुरुवारी आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते! दर गुरुवारी नाही, पण गेली तर गुरुवारीच. आणि माझ्या नोंदींतलं प्रत्येक "गेलं" आणि "आलं" एखाद्या गुरुवारी संध्याकाळचं होतं. वीज आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि आपलं चॅनेल नव्याने निवडतो.

पुढचं तुम्ही समजावलंत ते मी माझ्या भाषेत मांडते, चुकलं तर लिफ्टमध्ये सांगा. घरातल्या वायफायचा जो जुना पट्टा आहे, २.४ गिगाहर्ट्झचा, त्यात चॅनेलं असतात. पहिलं २४१२ मेगाहर्ट्झवर, मग पाच-पाचच्या अंतराने पुढे, तेरावं २४७२ वर. आपल्याकडे एक ते तेरा चालतात. अमेरिकेत सहसा अकरापर्यंतच वापरतात. त्यामुळे तिकडे विकायच्या त्या काळच्या कित्येक लॅपटॉपांच्या कार्डांतच एक ते अकरा एवढीच मुभा भरलेली असायची. तुम्ही विचारलंत, "हा कुठे घेतलाय?" मी म्हटलं, "एडिसनला." तेव्हा तुम्ही टेबलावर दोन बोटं टकटकवलीत. कोडं सुटल्याची ती खूण असावी. काकूंना विचारायला हवं.

"रेडिओवर पुणे केंद्र ७९२ ला लागतं ना? समज, एखाद्या रेडिओची पट्टीच सातशेला संपते. काटा किती फिरवलास तरी पुणे लागेल का? रेडिओही चांगला आणि केंद्रही चालू." डीटीपीवालीला याहून सोपं कुणी सांगितलं नसतं. राउटरने स्वतःहून बारा किंवा तेरा निवडलं की माझ्या लॅपटॉपच्या दृष्टीने आमचं घर नकाशावरून पुसलं जायचं. गुरुवारी वीज जाऊन त्याने एक, सहा असं काही निवडलं की आम्ही पुन्हा प्रकट.

तरी तुम्ही अंदाजावर थांबला नाहीत. तुमच्या फोनवरचं एक ॲप उघडून आजूबाजूचं प्रत्येक नेटवर्क कुठल्या चॅनेलवर आहे ते दाखवलंत. आमचं नाव तेरावर, एकटंच, गर्दीपासून लांब. राउटरने बिचाऱ्याने शहाणपणाच केला होता. मग लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडून एक आज्ञा टाईप केलीत, तर तिथेही नवांच्या नऊ नावांपुढे चॅनेलचे आकडे आले. सगळे अकरा किंवा त्याखालचे. दोन्ही याद्या शेजारी ठेवून म्हणालात, "आता खात्री."

दुरुस्ती सांगण्यासारखी नाहीच. राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवरचा पत्ता आणि पासवर्ड वापरून त्याचं पान उघडलं, २.४ च्या खाली 'ऑटो' होतं तिथे आकडा घातला. सहाच का नाही, असं मी विचारलं, कारण सहा हा आकडा मला उगाच सभ्य वाटतो. तुम्ही सांगितलंत की चॅनेलं पाचच्या अंतरावर असली तरी प्रत्येकाचं बोलणं वीस मेगाहर्ट्झ जागा खातं, म्हणून शेजारची चॅनेलं एकमेकांच्या अंगावर येतात. एक, सहा आणि अकरा एवढीच काय ती सुटी राहतात. सहावर आपल्या मजल्यावरची चार घरं, अकरावर तीन, एकवर दोन. म्हणून एक. जतन केलं, अर्धं मिनिट गेलं आणि यादीत आमचं नाव सगळ्यांत वर. मी ओरडले. सासूबाईंनी आतून विचारलं, "आले का?" कोण ते त्यांनाच माहीत.

मग तुम्ही आणखी दोन गोष्टी केल्यात, ज्या मी मागितल्याही नव्हत्या. नव्या राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्हींना एकच नाव दिलं होतं. माझं कार्ड ५ चं नाहीच, त्याला तो पट्टा जन्मात दिसणार नाही. आणि घरातले फोन ५ वर खुशाल चालू असल्याने २.४ कडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. तुम्ही दोन्हींची नावं वेगळी केलीत. आणि दुसरं म्हणजे मला रागावलात. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये बंद झाली आहे, यावरून बँक उघडतेस की काय? मी उघडत होते. आता उघडत नाही. म्हाताऱ्याला तुम्ही पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवलंत, म्हणजे त्याला बाहेर पीडीएफ पाठवता येते आणि घरातल्या बाकीच्या यंत्रांशी त्याचा संबंध येत नाही. स्वतःच्याच घरात चौदा वर्षांनी पाहुणा झाला बिचारा. प्रिंटर तारेने जोडलेला आहे, त्यामुळे अडत काही नाही.

त्याच रात्री अंकाचे शेवटचे दोन फर्मे प्रेसला गेले. एरवी पेनड्राइव्हवर घेऊन लेकीच्या लॅपटॉपवरून पाठवायचे, आणि ती क्लासला गेलेली असली की तिची वाट बघत बसायचे. त्यानंतर दोनदा गुरुवारची वीज गेली. राउटर उठतो आणि मुकाट्याने एकवरच बसतो. कॅलेंडरवर मी "नेट आहे" असं लिहिलंय, तुमच्यासाठी.

आता कबुली. दीड वर्षापूर्वी सोसायटीच्या सभेत तुमच्या गच्चीवरच्या अँटेनाच्या काठीविरुद्ध अर्ज आला होता. टीव्हीला मुंग्या येतात, कबुतरं बसतात, किरणांचं काय, असं त्यात बरंच काही होतं. तुम्ही उभं राहून सांगितलंत की हा सरकारी परवान्याचा छंद आहे, त्याची परीक्षा द्यावी लागते, आणि २००१ मध्ये भुजला फोन बंद पडले तेव्हा हॅम, म्हणजे हौशी वायरलेसवाल्या मंडळींनीच निरोप पोचवले होते. कुणी ऐकलं नाही. काठी उतरवायचा ठराव झाला नाही एवढंच, पण "पुढील सभेत विचार करू" असं ठरलं. त्या अर्जावर माझी सही होती. इतकंच नाही. तो अर्ज टाईप मीच केला होता, याच लॅपटॉपवर. खाली माझा नेहमीचा टंक पाहून तुम्ही ओळखलं असणारच. तुम्ही आकडे ओळखता तर अक्षरं का नाही ओळखणार? आणि तरीही लिफ्टमध्ये "वर चल" म्हणालात. आमच्या टीव्हीला तर तेव्हा मुंग्याही येत नव्हत्या. सगळे करतायत म्हणून मी केली सही. क्षमा मागते.

नुसती क्षमा मागून तुमची काठी वाचत नाही, हेही कळतं. म्हणून परवा तो अर्ज मागे घेत असल्याचा नवा अर्ज टाईप केला. तीच श्रीलिपी, तोच लॅपटॉप. सह्या गोळा करत फिरतेय. आत्तापर्यंत अकरा झाल्यात. बारावी आणि तेरावी सी विंगमधून मिळवायची आहे. तिकडून अजून काही ऐकू येत नाहीये.

तुमची नम्र,
बी विंगमधली डीटीपीवाली

ता. क. काकूंचा डबा माझ्याकडे आहे. रिकामा देणार नाही, अनारशांचं पीठ उतरलं की येते.