रोलिंग शार्पनरची माहिती मराठीत द्यावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सुऱ्यांना धार लावण्याचे रोलिंग शार्पनर नावाचे साधन अलीकडे कोकणातल्या घरांतही दिसू लागले आहे. आमच्याकडे ते गेल्या चतुर्थीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने आणले. साधन चांगले आहे आणि मी ते आनंदाने वापरते, हे आधीच नमूद करते. माझे म्हणणे आहे ते विकताना गिऱ्हाइकाला जे सांगितले जात नाही त्याबद्दल.

होर्ल या जर्मन कंपनीने प्रचारात आणलेल्या या साधनाचे दोन भाग असतात. एक असतो ठोकळा; त्याच्या दोन तिरप्या बाजूंना आतून लोहचुंबक बसवलेले असते, त्यांपैकी एक बाजू 15 अंशांची आणि दुसरी 20 अंशांची. दुसरा भाग म्हणजे मुठीत मावेल असा, लाटण्याच्या आखूड तुकड्यासारखा गोल दंड; त्याच्या एका तोंडाला हिऱ्याच्या कणांची चकती आणि दुसऱ्या तोंडाला शेवटचा हात फिरवण्यासाठी बारीक चकती असते. सुरी धार वर करून ठोकळ्याला चिकटवायची आणि दंड ओट्यावर पुढे-मागे लोळवत, हलक्या दाबाने, चकती मुठीपासून टोकापर्यंत धारेला लावत न्यायची.

या रचनेतले मर्म कोनात, म्हणजे धार किती तिरपी घासली जाते त्यात, आहे. तीस वर्षे मी कुरुंदाच्या दगडावर सुऱ्या पाजवत आले. कुरुंदही कमी कठीण नसतो. खनिजांच्या काठिण्यश्रेणीत हिऱ्याला 10 आणि कुरुंदाला 9 क्रमांक आहे. पण दगडावर सुरी घासताना मनगट प्रत्येक वेळी किंचित वेगळे वळते, कोन बदलत राहतो आणि कडा तीक्ष्ण होण्याऐवजी गोलसर होत जाते. येथे सुरी चुंबकाने जागच्या जागी धरून ठेवलेली असते, त्यामुळे नवशिक्याच्या हातूनही कोन चुकत नाही. फटीतून सुरी ओढण्याची जी स्वस्त साधने मिळतात, त्यांच्यातली कठीण पाती पोलाद खरवडून काढतात आणि सुरी लवकर झिजते. त्यांच्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आता माझा अनुभव सांगते. सोबतचे माहितीपत्रक इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत होते की घरात ते कोणी धड वाचले नाही. 15 अंशांची धार अधिक तीक्ष्ण, एवढेच कानावर आले होते, म्हणून मी मासे कापायची मोठी सुरी त्या बाजूला लावली. पहिले चार दिवस टोमॅटोची साल नुसत्या स्पर्शाने चिरली जात होती. मग एक सुरमई आली. मधल्या काट्यातून तुकड्या पाडल्या आणि सुरी धुऊन खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा धारेवर तीन ठिकाणी बारीक चकाकी दिसली. चांगली धार उजेडात चमकत नाही. चमकते ती दुमडलेली किंवा बोथटलेली जागा. आपल्या स्वयंपाकघरांतल्या नेहमीच्या स्टेनलेस सुऱ्यांचे पोलाद रॉकवेल मापाने, म्हणजे धातूचा कठीणपणा मोजण्याच्या मापाने, साधारण 54 ते 58 भरते. 15 अंश शोभतात ते 60 च्या पुढच्या कठीण जपानी सुऱ्यांना. काट्यांवर चालणाऱ्या आपल्या सुरीला 20 अंशच हवेत. तीच सुरी मी पुन्हा 20 अंशांवर लावली आणि त्यानंतर ती महिनाभर व्यवस्थित चालली.

धार नेमकी कधी लागली, हेही कोणी सांगत नाही. एक बाजू पुरेशी घासली गेली की दुसऱ्या बाजूला कडेवर पोलादाची केसाएवढी मुरड उठते. अंगठा धारेच्या लांबीवरून कधीही न फिरवता पात्याकडून कडेबाहेर हलकेच ओढला, की ती मुरड बोटाला अडते. ती टोकापर्यंत सलग लागली म्हणजे बाजू बदलावी आणि शेवटी बारीक चकतीने मुरड काढून टाकावी. अरुंद पात्याच्या छोट्या सुरीसाठी ठोकळ्याखाली एखादी पातळ फळी द्यावी लागते, नाहीतर धार चकतीच्या नीट उंचीवर येत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. दुकानात "सगळ्याला चालते" असे सांगून हे साधन विकले जाते आणि कोकणातल्या घरात ते खरे नाही. आमच्या बोलीत जिला आडाळो म्हणतात ती विळी, म्हणजे पाटाला ठोकलेले वाकडे पाते, या ठोकळ्याला लावणार कशी? नारळ सोलायचा कोयता, पावाची दातेरी सुरी यांनाही ते उपयोगाचे नाही. खोबरे, अळूची पाने, कोळंबी, बांगडे हे सारे आजही जिथे विळीवरच होते, त्या घरात निम्म्याहून अधिक काम या साधनाच्या आवाक्याबाहेर राहते. शेजारच्या एका वृद्ध मावशींनी मोठी रक्कम मोजून हे साधन घेतले. त्यांच्याकडे सुरी एकच आहे आणि तीसुद्धा त्या क्वचित वापरतात. त्यांना ही गोष्ट आधी सांगितली असती, तर ते पैसे वाचले असते.

म्हणून विक्रेत्यांना आणि कंपन्यांना माझी विनंती आहे की महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खोक्यात मोठ्या अक्षरांतले मराठी माहितीपत्रक असावे आणि त्यात कोणत्या सुरीला कोणता कोन, तसेच हे साधन कशाला चालत नाही, हे पहिल्याच पानावर असावे.

दुसरी विनंती किनाऱ्यावरच्या नगरपरिषदांना आहे. विळी-कोयत्यासाठी अजूनही सायकलवरच्या चाकाचा धारवालाच लागतो. त्याच्या चाकावर पाते तापून निळे पडले की त्या जागेचे पाणी उतरते, म्हणजे पोलादाचा कठीणपणा जातो, हा दोष खरा; पण मधूनमधून पाते पाण्यात बुडवायला सांगितले, तर तो ऐकतो. पावसात त्याचे फिरणे बंद असते, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत कमी वापरात राहणाऱ्या लोखंडी विळ्या खाऱ्या दमट हवेत नेमक्या तेव्हाच गंजतात. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस बाजारात छपराखाली त्याला बसण्यापुरती जागा मिळाली, तर घरोघरच्या विळ्या त्याच्यापर्यंत पोहोचतील. आमची तर आत्ताच तेल लावून, जुन्या कापडात गुंडाळून ठेवली आहे.

आपली,
एक वाचक, वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग)