ग्रुपात पहिला प्रश्न विचारण्याआधी

नागपूर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

संत्रा बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात शिरलास, पण अजून काही लिहिलं नाहीस, असं काल फोनवर म्हणालास. सगळे जाणते, आपण काय बोलणार, हे तुझं कारण. मला ते बरं वाटलं. सुरुवातीला नुसतं वाचायचंच असतं. कोण स्वतःच्या बागेतलं सांगतो, कोण ऐकीव सांगतो आणि कोणाला औषध खपवायचं आहे, हे वाचूनच कळतं. जुने मेसेज शोधायची सोय आहे, तिथं 'डिंक्या' टाकून बघ, म्हणजे आपल्या झाडासारखा बुंध्यातून डिंक गळायचा रोग. तुझा प्रश्न मागच्या पावसाळ्यात कोणीतरी विचारलेलाच असेल.

तरी अडलं तर जरूर विचार, पण पुरता विचार. "झाड वाळून राहिलं, उपाय सांगा" एवढंच लिहिलं की दहा जण दहा औषधं सांगतात आणि ज्याला खरंच कळतं तो गप्प बसतो. त्यानं बोलावं असं वाटत असेल तर सगळं लिही. झाड किती वर्षांचं, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप) जंबेरीचा की रंगपूरचा, जमीन भारी काळी की मुरमाड, पाणी ठिबकनं की आळ्यात, ते बुंध्याला लागतं का, डिंक कलमाच्या जोडाच्या वर आहे की खाली, आजवर काय काय वापरलं. फोटो दोन टाक: एक अख्ख्या झाडाचा, एक सालीचा अगदी जवळून, भर उजेडात काढलेला. हे सगळं लिहायला बागेत जाऊन बघावं लागतं, आणि पुष्कळदा बघतानाच बुंध्याशी साचलेलं पाणी आपल्या डोळ्यांना दिसतं.

उत्तर देताना तर याहून सांभाळ. बुंध्याला लावायच्या बोर्डो मलमाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी लागतं. फवारणीच्या एक टक्का मिश्रणाला मोरचूद-चुना तेवढाच, पाणी मात्र 100 लिटर. तू घाईत "एकास एक, दहा लिटर" असं लिहून मोकळा झालास आणि वाचणाऱ्यानं तेच पंपात भरलं, तर झाडाची पानं जळतील. म्हणून आकडा लिहिला की तो कशाचा, तेही लिही. खात्री नसेल तर लिहूच नको. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, तिथं विचारून मग सांग.

भावाच्या बातम्यांचं तसंच. "कळमन्याच्या बाजारात भाव पडले" असा मेसेज कुठूनही येतो आणि तो पुढं ढकलायला क्षणही लागत नाही. पण बहाराचा, म्हणजे झाडावरच्या फळांचा, सौदा व्यापाऱ्याशी चालू असलेला एखादा शेतकरी तो वाचून घाबरतो आणि पडेल भावात बाग देऊन बसतो. तारीख नसलेला, कोणी लिहिला ते न कळणारा मेसेज तुझ्या हातून पुढं जाऊ नये, एवढं माझं ऐक. उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलं आहे की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अॅडमिनला केवळ तो अॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. म्हणजे ज्यानं टाकलं, उत्तर त्यानंच द्यायचं.

कोणाचं पटलं नाही तर का पटलं नाही ते लिही. "तुम्हाला काय कळतं" हे वाक्य कधीच नको, समोरचा कितीही चुकत असला तरी. वयानं मोठ्यांना काका, भाऊ म्हण. रागात लिहिलेलं 15 मिनिटांच्या आत बदलता येतं खरं, पण तोवर ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलेलं असतं. दोघांतलाच वाद असेल तर सरळ फोन कर.

आणि हे फार थोडे लोक करतात, पण तू कर. सांगितलेला उपाय केलास की काही आठवड्यांनी त्याच प्रश्नाखाली येऊन काय झालं ते लिही. डिंक थांबला तर तसं, नाही थांबला तर तसंही, परत फोटो टाकून. ज्या काकांनी वेळ काढून तुला समजावलं त्यांनाही कळलं पाहिजे ना! पुढच्या वर्षी 'डिंक्या' शोधत येणाऱ्याला मग नुसता सल्ला नाही, त्याचा परिणामही सापडेल.

पहिला प्रश्न टाकायच्या आधी मला दाखवलास तर वाचून देईन. खुंट कोणता ते आईला विचार, कलमं तिनंच निवडून आणली होती.

तुझे,
बाबा