पोकलेनमधील कम्युनिकेशन बिघाडाचे चुकीचे निदान व नाकारलेली वॉरंटी : तक्रार

प्रति,
मा. विभागीय सेवा व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : २० टनी पोकलेनवर विनाकारण बदललेल्या इंजिन कंट्रोलरची रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी चिपळूण तालुक्यात खोदकामाची व डबर काढण्याची कामे घेणारा कंत्राटदार असून आपल्या कंपनीचे २० टनी पोकलेन मशीन मी अधिकृत वितरकाकडून कर्ज काढून घेतले आहे. त्याच्या वॉरंटीची मुदत अद्याप संपलेली नाही. पावसाळा सुरू झाल्यापासून या मशीनवर एकच बिघाड वारंवार उद्भवत होता. काम चालू असताना मॉनिटरवर इंजिन कंट्रोलरशी संपर्क तुटल्याची सूचना येई, इंजिन बंद न पडता त्याचा आरपीएम आपोआप उतरे, पंपाचा जोर कमी होई आणि भरलेली बकेट उचलताना बूम जेमतेम हले. चावी बंद करून पुन्हा फिरवली की कधी दिवसभर सगळे सुरळीत चाले, तर कधी थोड्याच वेळात पुन्हा तेच. रात्री पाऊस झाला की सकाळी हा प्रकार हमखास होतो आणि मशीन दगडावरून चालवताना धक्के बसले की वाढतो, हे माझ्या ऑपरेटरने आपल्या सर्व्हिस इंजिनीअरना पहिल्याच भेटीत सांगितले होते. जॉब कार्डवर त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

इंजिनीअरनी लॅपटॉप जोडून एसपीएन (बिघाड कोठे आहे ते सांगणारा क्रमांक) ६३९, एफएमआय (बिघाडाचा प्रकार सांगणारा क्रमांक) ९ हा कोड वाचला आणि तेवढ्यावरून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंट्रोलर, गेल्याचे ठरवून टाकले. वास्तविक जे-१९३९ या, अवजड यंत्रांतील कंट्रोलरच्या आपसांतील संदेशांसाठी ठरलेल्या पद्धतीत एसपीएन ६३९ हा क्रमांक कोणत्याही एका कंट्रोलरचा नसून सर्व कंट्रोलरना जोडणाऱ्या कॅन जाळ्याचा आहे, आणि एफएमआय ९ चा अर्थ अपेक्षित संदेश ठरलेल्या वेळेत येत नाहीत इतकाच आहे. संदेश पाठवणारा बिघडला की मधली वाट तुटली, हे तो कोड सांगत नाही. ते मीटर लावूनच शोधावे लागते, आणि नेमके तेच झाले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसा हा प्रकार झाला, फक्त बंबाचे बिल माझ्या नावावर फाटले.

नवा ईसीएम बसवल्यावर मशीन काही दिवस नीट चालले, परंतु त्याच सुमारास पावसाने उघडीप दिली होती. पाऊस परतला तसा बिघाडही परतला. दुसऱ्या भेटीत मॉनिटर बदलण्याचे कोटेशन हाती दिले गेले, तेव्हा मी ते नाकारून गावातील एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला साइटवर बोलावले.

त्यांनी बॅटरीचा मेन स्विच बंद केला आणि केबिनमधील नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटच्या सी व डी या पिनांमध्ये साधा मल्टिमीटर लावला. कॅन लाइनच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रेझिस्टर असतो आणि ते समांतर जोडलेले असल्याने लाइन अखंड असेल तर मीटरने सुमारे ६० ओहम दाखवायला हवेत. येथे मीटरने १२० दाखवले, म्हणजे पलीकडचे टोक लाइनवर नव्हतेच. मग मीटर तसाच ठेवून, केबिनपासून मागे इंजिनकडे जाणारे वायरिंग हाताने हलवत गेल्यावर केबिनच्या फ्लोअरखालील कनेक्टरपाशी आकडा ६० आणि १२० च्या मध्ये उड्या मारू लागला. कनेक्टर उघडला तर रबरी सील एका बाजूने दुमडलेले, आत पाण्याचा ओलावा, आणि पिवळ्या वायरच्या, म्हणजे कॅन लाइनच्या दोन वायरींपैकी कॅन-हाय या वायरच्या, पिनवर हिरवा गंज चढलेला. हा कनेक्टर फ्रेमला धरून ठेवणारा क्लॅम्प जागेवर नव्हता, त्यामुळे तो लोंबकळत राहून प्रत्येक धक्क्याला हलत होता. क्लॅम्पच्या बोल्टसाठी ठेवलेल्या छिद्राच्या कडेचा कारखान्यातला रंगसुद्धा खरवडलेला नाही, यावरून तेथे बोल्ट कधी बसवलाच गेला नसावा असे माझे मत आहे. पिन व सील बदलून क्लॅम्प लावल्यावर मीटर ६० वर स्थिर झाला, आणि त्यानंतर मुसळधार पावसातही ती सूचना एकदाही आलेली नाही. या दुरुस्तीचा खर्च ईसीएमच्या किमतीपुढे नगण्य होता.

वॉरंटी नाकारताना आपल्या वितरकाने 'मशीनवर वेल्डिंग केल्याने ईसीएमला इजा' असे कारण लिहिले आहे. बॅटरी जोडलेली ठेवून वेल्डिंग केल्यास इलेक्ट्रॉनिक भागांना धोका असतो, हे आम्हालाही ठाऊक आहे, म्हणूनच बकेटचे दात आम्ही बकेट उतरवून वर्कशॉपमध्ये वेल्ड करून घेतो आणि त्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत. शिवाय ईसीएम खरोखरच जळाला असता, तर तो बदलल्यावर तीच सूचना पुन्हा का आली, याचे उत्तर त्या शेऱ्यात नाही.

माझे काढलेले ईसीएम वितरकाने ठेवून घेतले आहे. ते माझ्या प्रतिनिधीसमोर बेंचवर तपासून त्याचा लेखी अहवाल द्यावा, आणि ते चालू स्थितीत असल्यास नव्या ईसीएमची किंमत, त्यात प्रोग्रॅम टाकण्याचे शुल्क व दोन्ही भेटींची आकारणी मला परत करावी. क्लॅम्पची त्रुटी उत्पादनातील असल्याने कनेक्टरच्या दुरुस्तीचा खर्चही वॉरंटीत धरावा, आणि याच बॅचच्या इतर मशीनवर तो क्लॅम्प आहे किंवा नाही हे आपण स्वतःहून पाहावे, कारण कोकणातल्या पावसात ही तक्रार माझ्यापुरती राहणार नाही.

तसेच या मशीनच्या कॅन वायरिंगचा नकाशा मला मिळावा. मालकाला दिलेल्या पुस्तिकेत तो नाही आणि मागितल्यावर 'फक्त अधिकृत सर्व्हिससाठी' असे उत्तर मिळाले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारे आणि वाहनांचा विचार झाला. आमच्यासारख्यांच्या यंत्रांना मात्र आपल्या सौजन्यावरच अवलंबून राहावे लागते.

जॉब कार्ड, बिले, वेल्डिंगच्या पावत्या आणि गंजलेल्या पिनचे फोटो सोबत जोडले आहेत. मूळ पिन व सील मी जपून ठेवले असून ते साइटवर केव्हाही पाहता येतील. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर लेखीच द्यावे, फोनवर मिळालेली आश्वासने मी यापुढे ग्राह्य धरणार नाही.

आपला विश्वासू,
मशीनमालक व कंत्राटदार,
चिपळूण, जि. रत्नागिरी