आई-बाबा, मी साप पाळला आहे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचा आणि मग आईला वाचून दाखवा. फोनवरही सांगता आलं असतं, पण आईने पहिलं वाक्य ऐकूनच फोन तुमच्या हातात दिला असता आणि पुढचं सगळं राहून गेलं असतं. मी घरात साप आणला आहे. बिनविषारी आहे, हातभर लांब आहे, काचेच्या पेटीत कुलूप लावून ठेवला आहे, आणि पुरता विचार करून आणला आहे.

इथे याला कॉर्न स्नेक म्हणतात. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा-जॉर्जियाकडचा. तिकडचे शेतकरी मक्याची कणसं लाकडी कोठारात भरून ठेवत, तिथे उंदरांच्या मागे हा यायचा. पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकड्या असतात, रंगीत मक्याच्या दाण्यांसारख्या. नाव त्यावरून पडलं असंही सांगतात. हे वाचलं तेव्हा मला आपली मधली खोली दिसली. दिवाळीनंतर आढ्यापर्यंत कापूस भरलेला, त्यात सरकी खायला उंदीर, आणि उंदरांच्या मागे धामण. आजी धामणीवर कोणाला काठी उगारू द्यायची नाही. ‘ते आपलं राखण आहे’ म्हणायची. मक्याचं कोठार काय न् कापसाची खोली काय, हिशेब एकच.

आणि या सापाचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे तस्कर. जुन्या पुस्तकांत दोघांना एकाच गटात घातलेलं होतं, इलाफे नावाच्या. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्यांची नावं वेगळी केली. तस्कर म्हटल्यावर बाबा, तुम्हाला आठवलं असेल. नाल्याकडच्या धुऱ्यावर दगडाखाली सापडलेला, अंगावर तपकिरी झाक आणि शेपटीकडे दोन गडद पट्टे. तुम्ही जुन्या रेडिओच्या खोक्याला जाळी मारून दिली होती, झाकणाला बिजागरी लावली होती आणि वर्गातल्या पोरांना दाखवायला शाळेतही नेला होता. तो चिडला की मान उभी चपटी करून अंग आखडून घ्यायचा. पोरं मागे सरायची, तुम्ही मात्र शांतपणे सांगत राहायचे की हा घाबरला आहे म्हणून असं करतो. साप घाबरतो, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली, आणि माझ्या साऱ्या आवडीचं मूळ तिथे आहे.

मग त्याच श्रावणात काका गेले.

त्याबद्दल आपल्या घरात कोणी बोलत नाही. तस्कर नाल्यावर सोडला, खोकं चुलीत गेलं, आणि ‘साप’ हा शब्दच घरातून गेला. संध्याकाळी कोणी काढला तरी आई ‘जनावर’ म्हण म्हणायची. मी तेव्हा काही विचारलं नाही. पण काका जमिनीवर सतरंजी टाकून झोपले होते, पहाटे पोट दुखतं म्हणून उठले, त्यांना ओवा-मीठ दिलं, मग त्यांच्या पापण्या मिटायला लागल्या आणि बोलणं जड झालं, हे सगळं मला तारखेसकट आठवतं. चावल्याची खूण कोणाला दिसली नाही. आधी जाणत्याकडे नेलं, मग दवाखान्यात.

आज मला ठाऊक आहे की ती मण्यार होती. ती रात्रीच हिंडते, दुसरे साप आणि उंदीर खाते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दात इतके बारीक की कित्येकदा माणूस जागाही होत नाही. सूज नाही, आग नाही. पोटदुखी, मग डोळे जड होणं, गिळता न येणं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकणं. हे मी इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचलं आणि वाचता वाचता घरचीच एक रात्र ओळीने समोर आली. बाबा, त्या पहाटे कोणालाच कळण्यासारखं नव्हतं. तुम्ही इतकी वर्षं स्वतःला दोष देत आला आहात, तो मनातून काढून टाका, एवढं मला लेखी सांगायचं होतं.

तिथून मी पुन्हा सापांकडे आले. आधी पुस्तकं, मग इथे सरपटणारे प्राणी पाळणाऱ्या लोकांच्या भेटी, आणि मग ही पिल्ली. मादी आहे असं पैदास करणाऱ्याने सांगितलं. तिचं नाव मी सरकी ठेवलं आहे.

‘पाळायचाच होता तर कुत्रं पाळायचं,’ हे आईचं वाक्य मला इथपर्यंत ऐकू येतंय. आई, मी दिवसभर कामावर असते. कुत्र्याला ते एकटेपण सोसत नाही. सापाला माणसाच्या सोबतीची गरज नसते. त्याला ऊब, आडोसा, पाणी आणि वेळेवर खाणं लागतं, आणि हे चारही मी नीट देऊ शकते.

जातही निवडून घेतली. बॉल पायथन नावाचा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर इथे फार लोकप्रिय आहे. स्वभावाने गरीब, पण महिनोन् महिने खाणं सोडून बसतो आणि नव्या माणसाचा जीव टांगणीला लावतो. शिवाय त्यातले पुष्कळ अजून जंगलातून येतात. किंग स्नेकही कणखर, पण तो मण्यारीसारखाच दुसरे साप खातो, आणि मला घरात ती आठवण नको होती. कॉर्न स्नेक चार-पाच फुटांच्या वर सहसा जात नाही, खायला नखरे करत नाही, हातात घेतला तर थोड्या दिवसांत सरावतो, आणि पिढ्यान् पिढ्या माणसाकडेच जन्मलेला मिळतो. सुरुवात करणाऱ्याला हाच द्या, असं इथले जुने लोक सांगतात, आणि मला ते पटलं. आपल्याकडचे साप असे घरात ठेवता येत नाहीत, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात; आणि ते बरंच आहे. तस्कराची जागा धुऱ्यावरच आहे.

बाबा, आता तुमच्या आवडीचं. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही, म्हणून पेटीत दोन हवामानं करावी लागतात. एका बाजूला तळाशी गरम होणारी चटई, तिथे ३० अंशांच्या आसपास. दुसरी बाजू २४ अंशांवर. साप आपला आपण इकडून तिकडे सरकतो आणि हवी तेवढी ऊब घेतो. दोन्हीकडे लपायला एक-एक खोपटं लागतं, नाहीतर त्याला ऊब किंवा आडोसा यांतलं एकच निवडावं लागतं आणि तो आडोसाच निवडतो. चटई थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावायची नाही. ती तापत गेली तरी साप वेळेत हलत नाही आणि पोट भाजून घेतो. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार चटईला चिकटवलेली आहे, आणि वरून मी वेगळा तापमापक ठेवला आहे, कारण एकाच यंत्रावर विश्वास टाकू नये हे तुम्ही रेडिओ दुरुस्त करताना शिकवलं होतं. बाहेर बर्फ पडतो तेव्हा वीज गेली तर काय, याचीही सोय आहे. तुम्ही इथे असता तर हे सगळं तुम्हीच जोडलं असतं, आणि माझ्यापेक्षा सफाईने. झाकणाला दोन्ही बाजूंनी पकड आहे. हा साप बोटभर फटीतून निसटतो असं सगळेच बजावतात.

आई, तुला सगळ्यात जास्त लागेल ते खाण्याचं. तुझ्या गळ्यात माळ आहे, आणि तुझी लेक उंदीर विकत आणते. मी हे लपवणार नाही. सापाला पर्याय नाही. तो दूध पीत नाही, भात खात नाही, मांसावरच जगतो. पण जिवंत उंदीर मी देत नाही. मेलेले, गोठवलेले उंदीर दुकानात मिळतात, ते वेगळ्या छोट्या फ्रीजरमध्ये वेगळ्या डब्यात असतात. माझ्या स्वयंपाकघरात काही नाही, भांडीही वेगळी. तिच्या पिल्लूपणी केस न फुटलेली उंदराची पिल्लं, आठवड्यातून एकदा, एकच. कोमट पाण्यात पिशवीतून ऊब आणायची आणि चिमट्याने पुढे धरायचं. जिवंत दिलं तर उंदीर सापालाही चावतो आणि त्या उंदराचेही हाल होतात. तुझ्या मनाला हे पटेल असं मी म्हणत नाही. ज्या जिवाची जबाबदारी घेतली त्याला त्याचं अन्न द्यावं, एवढंच मी धरलं आहे. कोठ्यातल्या मांजरीला उंदीर धरताना तू कधी हाकललं नाहीस, हे मी पाहिलेलं आहे.

आणल्यावर पहिला आठवडा मी तिला हात लावला नाही. नव्या जागेत सापाला स्थिर होऊ द्यायचं असतं. पाणी बदलायचं आणि बाजूला व्हायचं. पहिलं खाणं घेताना तिने झडप घातली, दोन वेटोळे घातले, आणि मग कितीतरी वेळ नुसती धरून राहिली. उंदीर आधीच मेलेला, तरी तिचं अंग आपलं काम करत होतं. मी दिवा मंद करून तिथेच बसले होते. खाल्ल्यावर दोन दिवस तिला उचलायचं नाही, नाहीतर ती खाल्लेलं ओकून टाकते, आणि ते पिल्लाच्या जिवावर बेतू शकतं. उचललं की साबणाने हात धुवायचे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात.

नंतर तिचे डोळे निळसर, दुधाळ झाले. मला माहीत होतं, तरी धस्स झालंच. कात टाकायच्या आधी असं होतं. त्या दिवसांत तिला धड दिसत नाही आणि ती चिडचिडी होते. मग डोळे पुन्हा स्वच्छ झाले, आणि सकाळी पेटीत अख्खी कात, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्यांसकट. चकत्या निघाल्या की नाही ते भिंगातून पाहावं लागतं. मी पाहिलं आणि इतकी आनंदले की ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. तुम्हाला सांगता येत नव्हतं, ते मात्र खुपत होतं. म्हणूनही हे पत्र.

हे साप १५ ते २० वर्षं जगतात. म्हणजे सरकी माझ्यासोबत पुष्कळ दूर येणार आहे, आणि तेवढ्यासाठीही मी तयारी केली आहे. माझं काही झालं तर तिला कोण घेईल तेही ठरलेलं आहे.

तुम्ही उन्हाळ्यात इकडे याल तेव्हा ती माझ्या अभ्यासिकेत असेल, दार बंद. आईला पाहायची नसेल तर ती पूर्ण मुक्कामात दिसणारही नाही. बाबांना पाहायची असेल तर मी फार खूश होईन.

आता माझं तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते या सापाहून मोठं आहे. आपल्या देशात सापाच्या दंशाने २००० ते २०१९ या वर्षांत सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली संशोधकांनी मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, जवळजवळ निम्मी पावसाळ्यातली. त्यांतली पुष्कळ वाचण्यासारखी होती. तुम्ही दोघं गुडघे दुखतात म्हणून अजूनही उन्हाळा-पावसाळा पडवीत खाली झोपता, हे मला ताईने सांगितलं. ते बंद करा. बाज घ्या, मच्छरदाणी लावा, आणि तिची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचा. अशी खोचलेली मच्छरदाणी मण्यार सहसा ओलांडत नाही. रात्री बाहेर जाताना टॉर्च हवाच, बाबांनाही, चांदणं असलं तरी. भिंतीला लागून रचलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या घरापासून दूर हलवून घ्या.

आणि देव न करो, कोणाला काही चावलं, किंवा पहाटे विनाकारण पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, कुणाकडे उतरवायला न्यायचं नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन करायचा आणि थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, साप ओळखायला तो मारून न्यावा लागत नाही. श्वासाचा त्रास वाटला तर तिथून सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायला सांगा, तिथे श्वासाच्या यंत्राची सोय आहे. घरात साप दिसला तर काठी घेऊ नका. वनखात्याचा १९२६ नंबर आहे, ते सर्पमित्राला पाठवतात. सालदाराच्या घरीही हे सगळं सांगा. त्यांची लेकरं वावरातल्या खोपडीत खालीच झोपतात, त्यांच्यासाठीही मच्छरदाण्या घ्या. पैसे मी ताईच्या खात्यावर टाकले आहेत, सगळ्यांना पुरतील एवढे.

बाबा, बाजेची लांबी-रुंदी मोजून ताईजवळ द्या. मच्छरदाणी मापाहून वीतभर मोठीच घ्या, म्हणजे खोचायला पुरेल.

तुमची लेक