जठराचा कर्करोग : प्रथिनांची तपासणी तुकड्यापासून सुरू होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘एका चाचणीतून कळणार कर्करोगाचा रुग्ण किती जगेल’ अशा धर्तीच्या बातम्या वरचेवर छापून येतात. पोटाच्या, म्हणजे जठराच्या कर्करोगाबद्दल तर जास्तच, कारण हा आजार बहुतेकदा उशिरा कळतो आणि घरच्यांना पुढचं काही तरी ठरवायचं असतं. या बातम्यांत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि चाचणी खरोखर जिथे बिघडते त्याचा उल्लेखही नसतो. म्हणून हे पत्र.

एखादं प्रथिन रुग्णाचं पुढे काय होईल ते सुचवतं. दुसरं एखादं, कोणतं औषध लागू पडेल ते सुचवतं. दोन्ही एकच नव्हे. हर-२ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं, तिला वाढायला लावणारं प्रथिन. ते मुख्यतः औषध ठरवण्यासाठी तपासतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टोगा चाचणीत (रुग्णांवर केलेल्या औषधाच्या अभ्यासात) हर-२ पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत हे प्रथिन जास्त असलेल्या, रुग्णांना केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर-२ वरचं औषध दिल्यावर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेलं. एमएमआर प्रथिनांचं, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांचं, चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. ती गाठीत नसतील तर शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचं पुढचं चित्र सहसा चांगलं असतं. पण शस्त्रक्रियेच्या आधी-नंतर केमो देऊन पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या मॅजिक चाचणीतल्या रुग्णांच्या गाठीच्या तुकड्यांचं नंतर विश्लेषण केलं तेव्हा अशा मोजक्या रुग्णांत केमोचा फायदा दिसला नाही. उलट इम्युनोथेरपीला (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांना) याच गाठी जास्त दाद देतात. ‘चांगलं लक्षण’ एवढंच सांगून घरी पाठवलं तर निम्मी माहिती हातची गेली.

आता तुकड्याविषयी. तोंडावाटे जठरात सोडलेल्या दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) तपासणीसाठी घेतलेला तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. जठराच्या गाठीत हर-२ एका भागात भरपूर आणि शेजारीच अजिबात नाही, असं सर्रास आढळतं. त्यासाठी गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून ६ ते ८ तुकडे घ्यावे लागतात. दोन तुकड्यांवर आलेला ‘निगेटिव्ह’ म्हणजे त्या दोन तुकड्यांचा निगेटिव्ह, सगळ्या गाठीचा नव्हे.

तुकडा काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मलीनमध्ये, म्हणजे तो टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात, पडला पाहिजे. गॉजवर ठेवून वाळवला किंवा सलाइनमध्ये टाकला तर प्रथिनं तिथेच खराब होऊ लागतात. फॉर्मलीनही १० टक्के न्यूट्रल बफर्ड (क्षार घालून आम्लता आटोक्यात ठेवलेलं) हवं: बाजारात मिळणारं तीव्र फॉर्मलीन १०० मिली, पाणी ९०० मिली, त्यात सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ६.५ ग्रॅम. लहान दवाखान्यांत नुसतं नळाचं पाणी घालून काम भागवतात. असं द्रावण ठेवल्या ठेवल्या आम्ल होत जातं आणि त्याचा फटका पुढे रंगाईला, म्हणजे तुकड्याचे काप रंगवून प्रथिन पाहण्याला, बसतो. द्रव तुकड्याच्या निदान दहापट हवा. बाटलीवर नाव आणि तुकडा टाकल्याची वेळ, दोन्ही लिहायचं. वेळ लिहिलेली बाटली क्वचितच दिसते.

तुकडा किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास फॉर्मलीनमध्ये राहावा. ‘तुकडा एवढासा तर आहे, दोन तासांत मुरेल’ हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो चूक आहे. फॉर्मलीन आत शिरतं लवकर, पण प्रथिनांना घट्ट बांधून ठेवण्याची रासायनिक क्रिया सावकाश चालते. ‘रिपोर्ट आजच द्या’ या घाईत ती अर्धवट राहते. दुसरं टोक सुट्ट्यांचं. शनिवारी दुपारी विरारला किंवा बदलापूरला काढलेला तुकडा सोमवारी सकाळी लोकलने परळला आला तर चालून जातं. गणपतीच्या दिवसांत जोडून सुट्ट्या आल्या की ७२ तास कधीच उलटून गेलेले असतात.

पुढे तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक बनतो, आणि त्याचे पातळ काप काचपट्टीवर (स्लाइडवर) घेतात. इथे दर वेळी नव्या तपासणीसाठी ब्लॉक मशीनवर चढवला की समतल करताना थोडा तुकडा वाया जातो. आधी साधी रंगाई, आठवड्याने हर-२, महिन्याने पीडी-एल १ (इम्युनोथेरपी ठरवण्यासाठी पाहायचं प्रथिन), असं करता करता ब्लॉकमध्ये फक्त मेण उरतं. कर्करोग दिसताच एकाच वेळी १०-१२ कोऱ्या स्लाइड कापून ठेवाव्यात. मात्र कापलेल्या स्लाइडही सहा आठवड्यांहून जुन्या वापरू नयेत, त्यांच्यावरचं प्रथिन मंदावत जातं.

स्लाइड वाचणाऱ्या डॉक्टरचीही चूक होते. स्तनाच्या गाठीत हर-२ चा तपकिरी रंग पेशीभोवती पूर्ण कडं करतो. जठरात बाजू आणि तळ रंगतात, वरची पोकळीकडची कड कोरी राहते; आकार इंग्रजी ‘यू’ सारखा दिसतो. स्तनाचा नियम इथे लावला तर पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह ठरतो. शस्त्रक्रियेच्या नमुन्यात १० टक्के पेशी रंगलेल्या लागतात, दुर्बिणीच्या तुकड्यात मात्र किमान पाच पेशींचा एक पुंजका पुरतो. रंगाचा दर्जा २+, म्हणजे धड हो ना नाही असा, आला तर फिश चाचणी (हर-२ च्या जनुकाच्या प्रती मोजणारी) करायलाच हवी.

एमएमआरमध्ये उलट आहे: तिथे रंग नसणं हीच खूण. त्यामुळे गाठीच्या पेशींचं केंद्रक कोरं दिसलं की आधी शेजारच्या लिम्फोसाइट (निरोगी पांढऱ्या पेशी) पाहायच्या. त्यांचं केंद्रक तपकिरी असेल तरच प्रथिन खरंच नाही म्हणायचं. त्याही कोऱ्या असतील तर चाचणीच फसली आहे, ती पुन्हा करायची. एमएमआर प्रथिनं चार तपासतात; खऱ्या अभावात एमएलएच१ बरोबर पीएमएस२ आणि एमएसएच२ बरोबर एमएसएच६ अशा जोड्या सहसा एकत्र जातात. जोडी जुळत नसेल तर पुन्हा बघावं.

पीडी-एल १ चा ‘सीपीएस’ हा गुणांक म्हणजे साधा हिशेब आहे. समजा २०० जिवंत कर्कपेशी आहेत. त्यांतल्या ४ आणि आसपासच्या लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी मिळून ८ रंगल्या. १२ भागिले २०० गुणिले १००, म्हणजे ६. औषधाचा निर्णय ५ च्या आसपास फिरत असेल तर दोन-चार पेशी इकडच्या तिकडे झाल्यानेही तो बदलतो. मोजायला किमान १०० जिवंत कर्कपेशी हव्यात. नसतील तर आकडा न देता ‘नमुना अपुरा’ लिहावं, तेच प्रामाणिक. क्लॉडिन १८.२ या, औषध ठरवण्यासाठी तपासायच्या आणखी एका प्रथिनासाठी ७५ टक्के वा अधिक कर्कपेशींच्या पटलावर (बाहेरच्या आवरणावर) मध्यम ते गडद रंग लागतो. तिथे डोळ्याचा अंदाज आणि सवय दोन्ही कसाला लागतात.

रक्तातल्या सीईए आणि सीए १९-९ या कर्करोगाच्या खुणा म्हणून मोजल्या जाणाऱ्या पदार्थांबद्दल थोडक्यात. धूम्रपानाने सीईए वाढतं, काविळीने सीए १९-९ वाढतं, आणि काही लोकांच्या शरीरात सीए १९-९ जन्मतःच बनत नाही. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडू नये, यंत्रं वेगळी असतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी सांगावं, कारण काही यंत्रांवर आकडा खोटा कमी येतो.

आमची विनंती दोघांना आहे. लॅबनी अहवालावर तुकड्यांची संख्या, फॉर्मलीनमधले तास, वापरलेल्या अँटिबॉडीचं (प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या रसायनाचं) नाव आणि कंट्रोल (चाचणी चालली का हे पाहण्यासाठीचा माहीत असलेला नमुना) नीट रंगला की नाही, एवढं छापावं. आणि आपण नव्या प्रथिनाची बातमी देताना ते दुसऱ्या, स्वतंत्र रुग्णगटात तपासलं आहे का, आणि त्याने उपचार बदलतो का, हे विचारून लिहावं. नातेवाइकांसाठी एवढंच: रुग्णालय बदलताना नुसते कागद नेऊ नका. ब्लॉक मागून घ्या, पाकिटावर नाव-नंबर तपासा आणि उन्हातल्या बंद गाडीत तो ठेवू नका.

आपले,
पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करणारे वाचक,
दादर, मुंबई