आप्पा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं होतं

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

तुम्ही पुढच्या महिन्यात निवृत्त होताय, असं परवा कळलं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरच्या तुमच्या गुरांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा आले तेव्हा मे महिना होता. बाहेर ४४ अंश ऊन होतं आणि मी तुमच्याकडे उणे १९६ अंशांची वस्तू मागत होते. एम.एस्सी.चा प्रकल्प अडला होता. एका पुरवठादाराने थोडा द्रव नायट्रोजन द्यायला सरळ नकार दिला होता, मोठी मागणी असेल तरच गाडी येईल म्हणाला. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगावच्या दवाखान्यांत हाच नायट्रोजन असतो, हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं. आमची म्हैस तुमच्याकडेच यायची.

तुम्ही कंटेनरमध्ये पट्टी बुडवलीत, बाहेर काढून हवेत हलवलीत. पट्टीवर जिथवर पांढरं दव चढलं, तिथवर बोट ठेवून म्हणालात, "मंगळवारी गाडी येते. सोमवारी रेताच्या कांड्यांना पुरून उरेल तेवढं तुमचं." थर्मासचं झाकण घट्ट लावायचं नाही, वाफेला वाट ठेवायची, नाहीतर फुटतो, हेही तुम्हीच शिकवलंत. आमच्या प्रयोगाच्या वहीत ही सूचना नव्हती.

मग एका सोमवारी ती काळी पेलेट, म्हणजे माझ्या प्रयोगाची चकती, हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "याला चुंबक लावलं, मंग काय व्हस?" मी घाईत काहीतरी सांगून निघाले. ते उत्तर आज देते.

१९११ साली कामर्लिंग ओनेस यांना पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंशांना, एकदम नाहीसा झालेला दिसला. यालाच अतिवाहकता म्हणतात. तेवढ्या थंडीला द्रव हेलियम लागतो. तो आपल्या तालुक्यात कुठून आणायचा? १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये खूपच वरच्या तापमानाला अतिवाहकता सापडली, आणि पुढच्याच वर्षी यिट्रियम-बेरियम-तांब्याचं ऑक्साइड ९० केल्विनच्या वर अतिवाहक झालं. माझी पेलेट त्याचीच. नायट्रोजन ७७ केल्विनला, म्हणजे त्याच उणे १९६ अंशांना, उकळतो. म्हणून माझं काम तुमच्या कंटेनरवर भागलं.

पेलेटवर चांदीच्या लेपाचे चार ठिपके एका ओळीत द्यायचे. बाहेरच्या दोनांतून विद्युतधारा सोडायची, आतल्या दोनांत व्होल्टेज मोजायचं, म्हणजे तारांचा रोध मोजमापात शिरत नाही. थर्मोकोलच्या अरुंद डबीत पेलेट बुडवून डबी विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवायची. नायट्रोजन उडाला की पेलेट हळूहळू तापते, तेव्हा दर अर्ध्या अंशाला आकडा टिपायचा. दर वेळी धारा उलटी करून पुन्हा, कारण जोडांवरच्या तापमानातल्या फरकामुळेही थोडं व्होल्टेज येतं. एका फेरीला तुमचा अर्धा-पाऊण लिटर नायट्रोजन जायचा.

चुंबक बंद असताना ८९ केल्विनपर्यंत व्होल्टेज शून्य होतं. ०.३ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र दिलं तर ८१ वरच काटा हलला! पण वरचं टोक, जिथे रोध पूर्ण होतो ते ९२, जवळपास जागचं हललं नाही. जुन्या धातूंच्या अतिवाहकांत चुंबकाने ग्राफची अख्खी रेघ कमी तापमानाकडे सरकते. इथे वरचं टोक तसंच राहतं आणि खालचं शेपूट लांबत जातं.

कारण असं. चुंबकीय क्षेत्र या पदार्थात बारीक भोवऱ्यांच्या रूपात शिरतं. प्रत्येक भोवऱ्यात २.०७ × १०⁻¹⁵ वेबर एवढाच चुंबकीय प्रवाह, ना कमी ना जास्त. धारा त्या भोवऱ्यांना आडवं ढकलते. ते एका जागी अडकून राहिले तर रोध शून्य. ८०-८५ केल्विनच्या उष्णतेने सुटून सरकू लागले की व्होल्टेज उभं राहतं. माझ्या पेलेटमध्ये कणांमधले कच्चे सांधे त्याच्याही आधी हार मानत होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

हा पदार्थ केळीच्या खोडासारखा, सोपटावर सोपट. वीज तांबे-ऑक्सिजनच्या थरातून सहज धावते, एका थरातून दुसऱ्यात अवघड जाते. बिस्मथ असलेल्या अशाच अतिवाहकांच्या जातीत तर थर इतके सुटे, की एक भोवरा म्हणजे भाकऱ्यांची चवडच: प्रत्येक थरात एक भाकरी, आणि ऊब लागली की ज्या त्या वाटेला घसरणारी. म्हणून तिथे शेपूट आणखी लांब पडतं. क्षेत्र थरांना समांतर लावलं तर मात्र फारसा फरक पडत नाही. मला या सगळ्यात हेच सर्वांत सुंदर वाटतं.

आप्पा, नऊ सोमवार लागले. एकदाही तुम्ही पैशाचा विषय काढला नाहीत, उलट एकदा मला उशीर झाला तर फाटकाशी थांबून राहिलात. तेव्हा मी नीट आभारही मानले नाहीत. आज मनापासून मानते.

ग्राफची एक प्रत सोबत जोडली आहे. काळी रेघ चुंबकाविना, तांबडी चुंबकासह. वर दोन्ही एकच आहेत, खाली फाटा फुटतो तिथे मी पेन्सिलीने छोटी खूण केली आहे.

आपली,
सोमवारची थर्मासवाली