नवऱ्याचा डोसही बायकोसोबत द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आरोग्य केंद्राच्या ओपीडीत बाई केसपेपर पुढे सरकवते आणि आवाज खाली आणून म्हणते, "सिस्टर, अंगावरून जातंय." पिवळट-हिरवट, फेसाळ, वास मारणारं, सोबत खाज, लघवीला आग. यामागे अनेकींत ट्रायकोमोनास हा शरीरसंबंधातून पसरणारा एकपेशीय परजीवी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 मध्ये जगात 15 कोटी 60 लाख जणांना त्याची नव्याने लागण झाली. गरोदर बाईचं बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मण्याचा धोका त्याने वाढतो, एचआयव्हीचाही. पण तो बरा होतो, तोही स्वस्तातल्या मेट्रोनिडॅझोलने: बाईला 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, पुरुषाला एकदाच 2 ग्रॅम.

तरी त्याच बाया पुन्हा येतात. नवऱ्याला बहुधा काही त्रासच नसतो, मग तो कशाला येईल? "त्यांना घेऊन ये" म्हटलं की बाई पदराशी चाळा करत राहते. "तुला हे कुठून झालं?" हे आधी तिलाच विचारलं जाणार, हे ती जाणून असते. हा परजीवी महिनोन्महिने गुपचूप राहू शकतो, आज सापडला म्हणून कालच कुणी वाकडं पाऊल टाकलं असं नसतं, हे त्या घरात कोण सांगणार?

म्हणून निदान झालेल्या बाईकडेच नवऱ्याच्या गोळ्या द्यायचा लेखी आदेश काढा. सोबत मराठीत चिठ्ठी हवी: कुणी घेऊ नयेत, आणि दोघांचे उपचार होईपर्यंत संबंध टाळावा. न तपासलेल्या माणसाला औषध द्यायला डॉक्टर कचरतात, ते बरोबरच आहे. आदेशाशिवाय त्यांनी तरी काय करावं? अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही सोय आहे.

दुसरं, थुंकी आणि मलेरिया तपासायचा मायक्रोस्कोप यालाही वापरू द्या. स्राव सलाईनच्या थेंबात घेऊन लगेच पाहिला तर हा जीव झटके देत पळताना दिसतो. स्लाइड तालुक्याला पाठवली की तो थांबतो, मग रिपोर्ट 'काही नाही'.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या, 1989 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. तेव्हापासून बाया सांगत आल्या आहेत. आदेश याच अधिवेशनाआधी निघावा, ही विनंती.

आपली,
एक आरोग्यसेविका